कशासाठी एम.ए.? नागपाडा, व्हीटन आणि मधली वाट

१९३६ साली मुंबईत, भायखळ्याला लागून असलेल्या नागपाड्यात, वीस पदवीधरांचा एक वर्ग सुरू झाला. वर्ग समाजकार्याचा होता आणि असं शिक्षण देणारी दुसरी संस्था तोवर भारतात नव्हती. तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. आज आपण तिला टाटा समाजविज्ञान संस्था किंवा नुसतं 'टिस' म्हणतो. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या व्हीटन या गावातल्या ख्रिस्ती कॉलेजनं आपला पदव्युत्तर विभाग उघडला. त्यामागे एका देणगीदारानं मृत्युपत्रात ठेवलेला पैसा होता.

या दोन घटना शेजारी ठेवण्याचं कारण नुसतं सन जुळणं हे नाही. नागपाड्यातला वर्ग ज्यानं उभा केला तो क्लिफर्ड मॅनशार्ट हा अमेरिकन मिशनरी शिकागोतच शिकलेला होता. अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट कॉलेजांत एकोणिसाव्या शतकात जे वारं शिरलं, त्यातूनच पुढे हे दोन्ही प्रयोग निघाले. एकानं पंथाची चौकट मागे सोडली, दुसऱ्यानं ती आणखी घट्ट केली. पण पदवीनंतरची दोन वर्षं विद्यार्थ्यानं नेमकी कशासाठी द्यायची, याचं उत्तर दोघांनीही पहिल्या दिवसापासून स्पष्ट दिलं. आपल्याकडच्या बहुसंख्य एम.ए. वर्गांत हे उत्तर मिळत नाही आणि विचारायलाही कुणी धजावत नाही. म्हणून या ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या मास्टर्सकडे मला नीट पाहावंसं वाटलं.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे आपली कला शाखा नव्हे, एवढं आधी सांगायला हवं. तिथे पदवीच्या चार वर्षांत विद्यार्थी पदार्थविज्ञानही घेतो, प्लेटोही वाचतो, एखादी परकी भाषा आणि संगीतही शिकतो, आणि त्यातून एक विषय मुख्य म्हणून निवडतो. कॉलेज लहान असतं, शिक्षक विद्यार्थ्याला नावानं ओळखतो, बहुतेक मुलं आवारातच राहतात. अमेरिकेतली अशी जुनी कॉलेजं बहुतांशी चर्चच्या आधारानंच निघाली आणि त्यांचा सगळा जीव पदवीच्या शिक्षणात होता. मास्टर्स ही तिथे फार काळ नावापुरतीच गोष्ट होती. पदवी घेऊन तीन वर्षं झाली, वर्तन चांगलं राहिलं आणि फी भरली की हार्वर्डसारख्या ठिकाणीही एम.ए. मिळून जायची. अभ्यास करून, परीक्षा देऊन मिळवायची मास्टर्स १८५९ साली मिशिगन विद्यापीठानं दिली आणि हळूहळू जुना रिवाज मोडीत निघाला.

यातलं एक कॉलेज महाराष्ट्राच्या इतिहासात थेट येऊन मिळतं. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात १८०६ च्या उन्हाळ्यात पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात धर्मप्रसाराला जायचं त्यांनी तिथेच ठरवलं. त्या खटपटीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली. विल्यम्समधून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरला. इथे त्यानं मराठी शिकून घेतलं, शाळा काढल्या, छापखान्याच्या आणि भाषांतराच्या कामात हात घातला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना तो पटकीनं गेला. हाच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ. पुढे नगरला सिंथिया फरार बाईंनी जे काम उभं केलं आणि सावित्रीबाई फुले जिथे अध्यापनाचं शिक्षण घ्यायला गेल्या, ती याच मिशनची शाखा. नागपाड्याला १९२७ मध्ये नेबरहुड हाऊस उघडणारे मॅनशार्टही याच मिशनचे.

स्वतः विल्यम्स कॉलेज आता धर्मनिरपेक्ष आहे. मात्र मास्टर्सच्या बाबतीत त्याची शिस्त पाहण्यासारखी आहे. इतकी वर्षं, इतका पैसा, इतकं नाव असूनही तिथे मास्टर्स आहेत त्या अवघ्या दोन. १९६० पासून विकास-अर्थशास्त्राची. ती मुख्यतः विकसनशील देशांतल्या, काही वर्षं नोकरी केलेल्या सरकारी आणि बँकेतल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. दुसरी १९७२ पासून कलेतिहासाची, कारण क्लार्क कलासंग्रहालय त्याच गावात आहे आणि मूळ चित्रांसमोर उभं राहून शिकता येतं. आपल्यापाशी जे खरोखर आहे, त्याचीच मास्टर्स काढायची आणि बाकीच्या विषयांसाठी विद्यार्थ्याला मोठ्या विद्यापीठाकडे पाठवायचं, असं हे धोरण आहे.

आता मॅनशार्ट. १९२५ साली ते मुंबईला आले तेव्हा अमेरिकेतलं प्रोटेस्टंट जग दुभंगलेलं होतं. त्याच वर्षी टेनेसीतल्या डेटन गावात एका शाळामास्तरावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला. एका बाजूला बायबलचं अक्षर न् अक्षर निर्दोष मानणारे, दुसऱ्या बाजूला विज्ञान आणि इतिहाससंशोधन स्वीकारून धर्माचा भर समाजसेवेवर देणारे. शिकागो विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशातून बाप्टिस्टांनी काढलेलं, पण ते दुसऱ्या गोटाचं ठाणं झालं. मॅनशार्ट त्या वातावरणातून आले होते. नागपाड्यात त्यांना दिसले ते गिरणी कामगार, दाटीवाटीनं राहणारी मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती कुटुंबं, कर्ज, दारू, आजार. वाचनालय, वर्ग, दवाखाना, व्याख्यानं असं सगळं नेबरहुड हाऊसमध्ये होतं. धर्मांतर हा त्या घराचा हेतू नव्हता. दोराबजी टाटांच्या नावानं १९३२ मध्ये न्यास निघाला, तेव्हा त्या पैशाचं काय करावं याबद्दल मॅनशार्टांचा सल्ला घेतला गेला. दानधर्म वाटत बसण्यापेक्षा दुःखाची कारणं शोधणारी, शिकलेली माणसं तयार करा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

त्यातून १९३६ मध्ये निघालेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता आणि प्रवेश पदवीधरांनाच. वर्गातल्या तासांबरोबर वस्तीतलं काम सक्तीचं. मॅनशार्टांनंतर डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले, १९४४ मध्ये संस्थेनं आजचं नाव घेतलं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर डिप्लोमाच्या जागी एम.ए. आली. आजही एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी जे शब्द आहेत, 'फिल्डवर्क', 'एजन्सी', 'ब्लॉक प्लेसमेंट', ते सगळे त्या पहिल्या वर्गाच्या पद्धतीतून आलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या रात्री, किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपानं जमीनदोस्त झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर गावोगाव पाहणी करून कुणाला काय हवं आहे याची नोंद करणाऱ्यांत या संस्थेची माणसं होती. मिशनच्या घरात सुरू झालेली मास्टर्स धर्माचं नाव न घेता इतकी लांब गेली.

व्हीटनची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे.

शिकागोहून पश्चिमेला जाणारी लोकल कॉलेज ॲव्हेन्यू नावाच्या स्टेशनवर थांबते आणि तिथून चालत आवारात जाता येतं. चुनखडीच्या फिकट दगडांची, मनोरे असलेली ब्लँचर्ड हॉल ही इमारत उंचवट्यावर उभी आहे. मेथडिस्टांनी १८५३ मध्ये काढलेली छोटी संस्था बुडायला आली होती. १८६० मध्ये जोनाथन ब्लँचर्ड या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकानं ती हाती घेतली. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना या इमारतीत आसरा मिळत असे, हे एका सैनिकाच्या आठवणींवरून आता पक्कं झालेलं आहे. आफ्रिकी वंशाच्या विद्यार्थ्यानं इथून १८६६ साली पदवी घेतली. म्हणजे यादवी युद्ध संपून वर्ष झालं होतं, तेव्हा.

१९२६ मध्ये कॉलेजनं श्रद्धेचं निवेदन स्वीकारलं. बायबल मूळ लेखनात निर्दोष आहे, हे त्यातलं महत्त्वाचं कलम. प्राध्यापकांनी दर वर्षी त्यावर सही करायची, हा नियम आजही आहे. १९३७ चा पदव्युत्तर विभाग या पायावर उभा राहिला आणि त्याचा रोख धर्मसेवेसाठी माणसं घडवण्यावर होता. धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम इथला १९४३ चा पदवीधर, मानववंशशास्त्राचा. पण मास्टर्सच्या दृष्टीनं मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कार्ल हेन्री. त्यानं इथून १९४१ मध्ये एम.ए. केली आणि १९४७ मध्ये एक छोटं पुस्तक लिहून आपल्याच गोटाला जाब विचारला: वंशभेद, युद्ध, कामगारांची पिळवणूक यांवर आपण गप्प का? नागपाड्यात मॅनशार्ट ज्या प्रश्नापाशी वीस वर्षं आधी पोचले होते, तिथेच निष्ठावंतांचा हा विद्यार्थी वेगळ्या वाटेनं आला. ज्या शिक्षणानं त्याला श्रद्धा दिली त्यानंच हा प्रश्न विचारायची ताकदही दिली, असं मला वाटतं.

व्हीटनच्या मास्टर्सपैकी बायबलच्या अर्थनिर्णयाची जी मास्टर्स आहे, ती जवळून पाहायला हवी. हिब्रू आणि ग्रीक दोन्ही भाषा यायलाच हव्यात, भाषांतरावर भागत नाही. विद्यार्थ्यापुढे ग्रीक नव्या कराराची प्रत असते. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि तळाशी बारीक अक्षरात पाठभेदांची दाटी: अमुक हस्तलिखितात हा शब्द नाही, तमुकात क्रम उलटा आहे. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक आहेत. पुण्यातल्या वाचकाला हे पान ओळखीचं वाटेल. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात १२५९ हस्तलिखितं तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानाची मांडणी अशीच आहे आणि काम करणाऱ्याची मान आणि डोळे दुखणंही सारखंच असणार.

उदाहरण म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातला व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीचा प्रसंग घेऊ. दगड मारायला उठलेल्या जमावाला येशू अडवतो, तो. जगातल्या सर्वांत परिचित कथांपैकी ही एक. पण व्हॅटिकन आणि सिनाई या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत ती नाही. मग ती मूळची की नंतर आलेली? नंतरची असेल तर तिच्यावर प्रवचन करायचं की नाही? मूळ लेखन निर्दोष आहे असं मानणाऱ्या कॉलेजात बसून विद्यार्थ्याला हा प्रश्न सोडवायचा असतो आणि मूळ लेखन तर कुणाकडेच नाही, प्रतींच्या प्रती आहेत. श्रद्धा बाजूला ठेवून हा अभ्यास जगभर होतो. श्रद्धा सोबत ठेवून, पुरावा न दडपता तो करणं अधिक अवघड आहे. तसा तो प्रामाणिकपणे केला जातो तेव्हा त्या पदवीला वजन येतं.

हे काम आपल्याकडे एका बाईंनी कुठल्याही पदवीशिवाय केलं. पंडिता रमाबाईंनी संस्कृतच्या बळावर हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणलं. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना होता, तिथे खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात आज हिब्रू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या विद्यार्थ्यानं या भाषांतराची मुळाशी ताडून चिकित्सा करावी, असा एम.ए. प्रबंध व्हायला हवा. तो विषय हातात तयार पडलेला आहे.

व्हीटनमधली समुपदेशनाची मास्टर्स वेगळ्याच कसोटीची. अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था केकरेप या नावानं ओळखली जाते. तिच्या निकषांत ६० क्रेडिट, आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप आहे, त्यातले किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून. विद्यार्थिनी खोलीत समोरच्याचं ऐकत असते. त्याच्या संमतीनं ते संभाषण ध्वनिमुद्रित झालेलं असतं किंवा मार्गदर्शक दुसऱ्या खोलीतून पाहत असतो. आठवड्यातून एकदा तास बसून ते परत ऐकायचं. इथे तू घाई केलीस. इथे तो गप्प झाला तेव्हा तुला ते सहन झालं नाही, म्हणून तू बोललीस. इथे तू सल्ला दिलास, त्यानं मागितला नव्हता. आपलं बोलणं असं उलगडून समोर ठेवलं जाणं फार जड जातं आणि त्यातूनच माणूस ऐकायला शिकतो.

ख्रिस्ती कॉलेजात याला आणखी एक पदर आहे. अमेरिकन समुपदेशक संघटनेची २०१४ ची आचारसंहिता सांगते की, केवळ आपली मूल्यं वेगळी आहेत म्हणून समोरच्याला दुसरीकडे पाठवून मोकळं व्हायचं नाही. विवाह, लैंगिकता यांबद्दल ठाम धार्मिक मत असलेल्या विद्यार्थ्यासमोर समलिंगी जोडपं येऊन बसलं तर? ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ या सरकारी संस्थेत अशाच प्रसंगातून एका विद्यार्थिनीवर कारवाई झाली, खटला अपील न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये तडजोडीनं मिटला. ख्रिस्ती कॉलेजांना हा प्रश्न रोजचा आहे. व्यावसायिक मान्यता हवी असेल तर आचारसंहिता पाळावी लागते, आणि श्रद्धेच्या निवेदनावर तर सही झालेलीच असते. माझं मत स्पष्ट आहे: मोडकळीला येऊन दारात आलेल्या माणसाचं हित आधी. ज्या कॉलेजला हे मान्य नसेल त्यानं समुपदेशनाची पदवी देऊ नये.

आपत्तीनंतरच्या मदतकार्याची मास्टर्सही व्हीटननं अलीकडे सुरू केली. ज्यांच्या पुढाकारानं तिथली आपत्ती-संशोधन संस्था निघाली ते मानसशास्त्रज्ञ जेमी एटन २००५ मध्ये मिसिसिपीत राहायला गेले आणि जेमतेम आठवडा झाला होता तोच कत्रिना वादळ आलं. पूर किंवा भूकंप झाला की चर्च, गुरुद्वारा, मठ हेच आधी धावतात, पण ट्रकभर जुने कपडे घेऊन धावणं आणि शिस्तीनं मदत करणं यांत फरक आहे. हे किल्लारी आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आपल्यालाही ठाऊक आहे. चौथी आहे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याची. तिच्यावर कडक टीका झाली आहे. भाषाशास्त्रज्ञ ॲलिस्टर पेनीकुक यांनी २००३ मध्ये एका लेखात, इंग्रजीच्या वर्गाआडून धर्मप्रसार होतो, हा आक्षेप नीट मांडला. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल नागपुरात तयार झाला, त्या प्रदेशातल्या वाचकाला हा संशय नवा नाही. वर्ग भाषेचा असेल तर भाषेचाच असावा आणि हेतू उघड असावा, एवढी अपेक्षा कुणाही श्रद्धावंताला मान्य व्हायला हरकत नाही.

चौकटीची किंमतही सांगायला हवी. जोशुआ हॉकशील्ड हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कॅथलिक झाले आणि त्यांना व्हीटन सोडावं लागलं. म्हणजे ख्रिस्ती असणंही पुरलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राज्यशास्त्राच्या प्राध्यापक लॅरिशा हॉकिन्स यांनी मुसलमानांशी बांधिलकी दाखवायला हिजाब घातला आणि ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाला भजतात, असं लिहिलं. त्या तिथल्या नोकरीत कायम झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्राध्यापक. कॉलेजनं त्यांना रजेवर पाठवलं, आक्षेप हिजाबावर नसून विधानावर आहे असं सांगितलं. सहकारी त्यांच्या बाजूनं उभे राहिले, प्रोव्होस्टनं माफी मागितली, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन्ही बाजूंनी वेगळं होण्याचं ठरलं. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना आपल्या धर्माची माणसं नेमायची मुभा आहे, त्यामुळे कायद्यानं यात गैर काही नव्हतं. पण एका विद्वान बाईंना ईश्वराविषयीच्या एका वाक्यापायी वर्गाबाहेर जावं लागतं, तिथे त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचंही नुकसान होतं.

याच कॉलेजनं २०२३ मध्ये स्वतःच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्या जे. ऑलिव्हर बझवेल यांच्या अध्यक्षपदाच्या काळात १९३७ चा पदव्युत्तर विभाग निघाला, त्यांनीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशापासून दूर ठेवलं, असं त्यात निघालं. गुलामांना लपवणाऱ्या इमारतीचं कॉलेज सत्तर-ऐंशी वर्षांत इथवर घसरलं होतं. ग्रंथालयावरचं बझवेल यांचं नाव काढण्यात आलं. स्वतःच्या संस्थेविरुद्धचा पुरावा स्वतः शोधून छापणं सोपं नाही. आपल्याकडच्या किती शिक्षणसंस्थांनी शताब्दीच्या वर्षी गौरवग्रंथाखेरीज असं काही काढलं आहे?

भारतात व्हीटनसारखं कॉलेज कायद्यानंच निघणार नाही. घटनेचं तिसावं कलम अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क देतं, पण अठ्ठाविसाव्या कलमानुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सेंट स्टीफन्सच्या खटल्यात अल्पसंख्याक संस्थांच्या राखीव जागांनाही मर्यादा घातली. त्यामुळे विल्सन, झेवियर्स, अहमदनगर कॉलेज या सगळ्यांत विद्यार्थी सर्व धर्मांचे. हे बंधन मला वरदान वाटतं. मुंबईत जॉन विल्सननी १८३२ मध्ये शाळा सुरू केली, तिचंच पुढे कॉलेज झालं आणि त्यातून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे निघाले. झेवियर्समध्ये फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. विद्यार्थ्यांना शिलालेख, नाणी, पोर्तुगीज कागदपत्रं यांच्यापाशी नेऊन बसवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जॉर्ज मोराईस यांनी गोवा आणि कर्नाटकच्या कदंबांचा इतिहास १९३१ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकांना लागतो.

१९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजचे ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग भारतातली ख्रिस्ती कॉलेजं पाहून गेला. परीक्षेच्या रगाड्यात ही कॉलेजं आपला हेतू हरवून बसली आहेत, त्यांनी संशोधन आणि आजूबाजूच्या समाजात जाऊन काम करणं हाती घ्यावं, हा त्याच्या अहवालाचा सूर होता. नगरला १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी कॉलेज काढलं. तिथे ग्रामीण विकासाचं अभ्यासकेंद्र उभं राहिलं, समाजकार्याची मास्टर्स आली. दुष्काळी तालुके दारातच असलेल्या कॉलेजनं हाच विषय घ्यावा, हे विल्यम्सच्या चित्रसंग्रहालयाइतकंच साहजिक आहे.

अमेरिकेत आता सगळ्यांनाच पैशानं घेरलं आहे. २००८ च्या मंदीनंतर जन्मदर घसरला, ती कमी झालेली मुलं आता कॉलेजच्या वयाला आली आहेत. न्यूयॉर्कमधल्या किंग्ज कॉलेज आणि अलायन्स विद्यापीठ या दोन ख्रिस्ती संस्थांचे वर्ग २०२३ मध्ये थांबले. पदवीला मुलं मिळेनात म्हणून मास्टर्स काढायच्या, तीही ऑनलाइन, असा मार्ग अनेकांनी धरला. जेरी फॉलवेल यांनी १९७१ मध्ये काढलेल्या लिबर्टी विद्यापीठाचे ऑनलाइन विद्यार्थी आज लाखाच्या वर आहेत. शिवाय १ जुलै २०२६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलरची मर्यादा आहे. लहान कॉलेजच्या महागड्या मास्टर्सना हे झेपणार नाही. इथून जाऊ पाहणाऱ्या मुलांना तर ते कर्जही नाही. त्यांना तीन वर्षांच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, श्रद्धेचं निवेदन आणि वर्तनाचा करार आपल्याला मनापासून मान्य आहे का, आणि त्या पदवीवर परत येऊन इथे कोणतं काम करता येईल, हे तीन प्रश्न अर्जाआधी विचारलेच पाहिजेत.

आणि इथे राहणाऱ्यांचं काय? आपल्याकडे बी.ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत, स्पर्धा परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, लग्न ठरेपर्यंत एम.ए.ला नाव घालून ठेवतात. बाहेरून फॉर्म भरायचा, गाईड आणायचं, परीक्षेला जायचं. यात मुलांचा दोष नाही. त्या दोन वर्षांत काय मिळणार हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या मास्टर्सची वाट मोकळी केली आहे आणि स्वायत्त कॉलेजांना अभ्यासक्रम स्वतः ठरवता येतो. झेवियर्सला तो अधिकार २०१० पासून आहे. या एका वर्षात चार पेपर दाटून बसवायचे, की ६०० तासांसारखा एखादा आकडा अभ्यासक्रमात लिहून तेवढा वेळ विद्यार्थ्याला दफ्तरखान्यात, वस्तीत, दवाखान्यात किंवा गावात पाठवायचं आणि दर आठवड्याला शिक्षकानं त्याच्यासोबत बसून त्या कामाचा हिशेब घ्यायचा? दुसऱ्या पर्यायाला शिक्षक जास्त लागतात आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतात. तासिका तत्त्वावर, तासागणिक पैसे घेऊन चार कॉलेजांत धावणाऱ्या माणसाकडून ते होणार नाही. म्हणून अभ्यासमंडळांच्या बैठकीत एका वर्षाच्या एम.ए.चा आराखडा येईल, तेव्हा त्याच बैठकीत पदभरतीचा ठरावही मांडला गेला पाहिजे.